गोळी आठवड्यातून एकदा, गुण यायला दोन-तीन महिने: मेथोट्रेक्सेट पेशीत नेमकं करतं काय?

रेणूवेडा

सांधेदुखीच्या कुठल्याही चर्चेत मेथोट्रेक्सेटचं नाव निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "अहो, ते कॅन्सरचं औषध आहे!" दुसरं, "ते फॉलिक ॲसिडच्या विरोधात काम करतं म्हणतात, मग डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिडच कसं लिहून देतात?" पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसऱ्याचं उत्तर शोधताना संशोधकांची काही दशकं गेली आणि वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. त्यासाठीच हा धागा. उपचारांचा सल्ला देणं हा हेतू नाही, त्यासाठी तुमचे संधिवाततज्ज्ञ आहेत.

आधी थोडा इतिहास. १९४० च्या दशकात लेडर्ले प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं आणि पाठोपाठ त्याची किंचित बदललेली रूपंही. त्यातलं ॲमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनी लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तात्पुरता का होईना उतार पडलेला दाखवला. तो शोधनिबंध १९४८ चा. अवघ्या तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, गब्नर आणि सहकाऱ्यांनी हेच ॲमिनोप्टेरिन आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आणि सोरायसिसच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि सुधारणा नोंदवली. पण तेव्हा कॉर्टिसोनचा बोलबाला होता, १९५० चं नोबेलही त्यालाच मिळालेलं. ॲमिनोप्टेरिनकडे कोण बघतो! त्याचं थोडं कमी त्रासदायक भावंड, म्हणजे मेथोट्रेक्सेट, आमवातात रुळायला १९८० चं दशक उजाडलं. १९८५ मध्ये वाइनब्लाट आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आमवातासाठी मान्यता दिली.

आता मुद्द्याकडे. पेशीला डीएनए बनवायला फोलेट (फॉलिक ॲसिडच्या कुळातलं जीवनसत्त्व) लागतं, तेही 'क्षपित' रूपातलं, म्हणजे टेट्राहायड्रोफोलेट. ते रूप तयार ठेवणारं एन्झाइम म्हणजे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. मेथोट्रेक्सेट दिसायला फॉलिक ॲसिडसारखंच, त्यामुळे एन्झाइम फसतं आणि त्याला साध्या फॉलिक ॲसिडपेक्षा सुमारे हजारपट घट्ट धरून बसतं. फोलेटचं चक्र थांबतं, डीएनएचा कच्चा माल संपतो, भराभर वाढणारी पेशी मरते. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट इथेच संपते, आणि कर्करोगासाठी ती पुरेशीही आहे.

आमवातासाठी मात्र नाही, तिथे मुख्य काम पेशी मारून होत नाही. तिथे डोस आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम. कर्करोगाच्या काही उपचारांत शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला काही ग्रॅम देतात. हजार पटींच्या घरातला फरक! शिवाय आठवड्याचा डोस बहुतांशी लघवीवाटे निघून जातो, एक-दोन दिवसांत रक्तात तो जवळपास उरत नाही. तरी सांधे आठवडाभर शांत राहतात. आणि सुरुवातीला तर कित्येक आठवडे काहीच फरक जाणवत नाही. रक्तातल्या औषधाने काम होत असतं, तर यातलं काहीच जुळत नाही.

हे कोडं सुटतं ते औषध पेशीच्या आत गेल्यावर काय होतं ते पाहिलं की. मेथोट्रेक्सेटच्या टोकाला ग्लुटामेटचा एक रेणू असतो. पेशीतलं एक एन्झाइम (फोलिलपॉलीग्लुटामेट सिंथेटेज) त्या टोकाला एकामागून एक आणखी ग्लुटामेट जोडत जातं. दोन, तीन, पाच, क्वचित सातपर्यंत. पेशी हेच स्वतःच्या फोलेटचंही करते, कारण लांब शेपटीचा, विद्युतभारित रेणू पडद्यातून सहज बाहेर निसटत नाही. ही शेपटीवाली रूपं म्हणजे मेथोट्रेक्सेट पॉलीग्लुटामेट. ती पेशीत आठवडेच्या आठवडे राहतात, आणि लांब शेपटीची रूपं साचायला महिने लागतात. दोन-तीन महिने वाट बघायला सांगतात ते उगाच नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. डायहायड्रोफोलेट रिडक्टेजला शेपटीचं सोयरसुतक नाही. शेपटी असो वा नसो, पकड घट्टच. पण प्युरिन, म्हणजे डीएनएच्या कच्च्या मालाचाच एक भाग, बनवण्याच्या साखळीत एटीआयसी नावाचं एक एन्झाइम आहे. साध्या मेथोट्रेक्सेटला ते दादच देत नाही. पाच ग्लुटामेटवाल्या रूपाची त्यावरची पकड मात्र सुमारे २,५०० पट घट्ट निघाली. म्हणजे तुम्ही गिळता ते एक औषध, आणि पेशी त्याचं जे करते ते जवळजवळ दुसरंच. आमवातात कामाला येतं ते बहुधा दुसरं.

एटीआयसी अडलं की त्याच्या आधीचा पदार्थ, आयकार, साचतो. तो साचला की एएमपी आणि त्यापासून बनणारं ॲडेनोसिन यांना मोडणारी एन्झाइम मंदावतात. पेशीबाहेर ॲडेनोसिन वाढतं आणि ते न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज वगैरे पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या ए२ए आणि ए३ या ग्राहींना चिकटून 'आवरा आता' असा निरोप देतं. टीएनएफ, आयएल-६ हे दाह भडकवणारे रेणू कमी, रक्तवाहिनीच्या भिंतीला पांढऱ्या पेशी चिकटणं कमी. न्यूयॉर्कच्या ब्रूस क्रोनस्टाइन यांनी हा धागा १९९० च्या दशकापासून चिकाटीने ओढला आहे.

फॉलिक ॲसिड सोबत दिलं तरी गुण का जात नाही, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. पण त्यावर शंका येतील हे माहीत आहे, तेव्हा प्रतिसादांत बोलू.

---

वाचकवीर

वाचनखूण साठवली आहे. निवांत पुन्हा वाचणार.

---

सांधेदुखरा

छान लिहिलंय. मी हे औषध बरीच वर्षं घेतोय आणि 'आठवड्यातून एकदाच का' हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. दोन प्रश्न. एक, फॉलिक ॲसिड घेतल्याने औषध 'कापलं' जात नाही हे नक्की का? दोन, गोळ्यांवरून इंजेक्शनवर गेलो तेव्हा डोस तोच असूनही फरक पडला. तो मनाचा खेळ होता का?

---

रेणूवेडा

@सांधेदुखरा, दुसरा प्रश्न आधी, कारण तो सोपा आहे. मनाचा खेळ असायचं कारण नाही. आतड्यातून औषध आत घेणारे वाहक मर्यादित असतात. आठवड्याला साधारण १५ मिलिग्रॅमच्या पुढे गोळ्या वाढवल्या तरी रक्तात त्या प्रमाणात वाढ होत नाही, आलेख सपाट होतो. त्वचेखाली दिलेलं इंजेक्शन हा नाका टाळतं, तिथे डोस वाढवला की रक्तातलं प्रमाणही सरळ रेषेत वाढतं. म्हणून काही डॉक्टर मोठा डोस एकाच दिवशी काही तासांच्या अंतराने विभागून देतात किंवा सरळ इंजेक्शन लिहितात. अर्थात हे त्यांनी ठरवायचं.

फॉलिक ॲसिडचं असं. मळमळ, तोंड येणं, यकृताची एन्झाइम वाढणं हा त्रास बराचसा फोलेटच्या कमतरतेतून येतो. फॉलिक ॲसिड दिल्याने तो कमी होतो, औषध सोडून देणाऱ्यांचं प्रमाण घटतं आणि सांध्यांवरचा गुण लक्षणीय कमी होत नाही. हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलेलं आहे. फॉलिक ॲसिड पेशीत शिरायला मुख्यतः ज्या वाहकाने मेथोट्रेक्सेट शिरतं तो फारसा वापरत नाही, त्यामुळे दारात धक्काबुक्की होत नाही. फोलिनिक ॲसिडचं (फोलेटच्या क्षपित रूपाचं) मात्र वेगळं. ते त्याच वाहकाने शिरतं आणि अडलेल्या एन्झाइमला वळसा घालून थेट चक्रात उतरतं. म्हणूनच कर्करोगातल्या प्रचंड डोसनंतर रुग्णाला वाचवायला तेच देतात. आमवातात ते मोठ्या प्रमाणात, औषधाच्या अगदी लगोलग दिलं तर गुण कमी होऊ शकतो. 'दोन्ही फोलेटच की' म्हणून परस्पर अदलाबदल करू नये.

---

प्रश्नोपनिषद

लेख रंजक आहे, पण ॲडेनोसिनची कथा जरा जास्तच गुळगुळीत वाटते. उंदरांत ए२ए किंवा ए३ ग्राही काढून टाकले की मेथोट्रेक्सेटचा दाहशामक परिणाम जातो, हे मान्य. पण ते प्रयोग उंदराच्या पाठीवर हवेची पिशवी तयार करून त्यात दाह निर्माण करण्याच्या पद्धतीचे. तो काही आमवात नव्हे. माणसांत ॲडेनोसिन वाढल्याचं थेट मोजमाप कुठे आहे? रक्तात ते काही सेकंदच टिकतं. आणि ॲडेनोसिनच जर सगळं करत असेल, तर ज्याच्या त्याच्या दाहात मेथोट्रेक्सेट चालायला हवं. २०१९ मध्ये हृदयविकाराच्या ४,७८६ रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला १५ ते २० मिलिग्रॅमचं लक्ष्य होतं. हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत ते सोडा, सीआरपी, आयएल-६, आयएल-१ बीटा या दाहाच्या खुणांतलं काहीही कमी झालं नाही!

---

रेणूवेडा

@प्रश्नोपनिषद, या प्रतिसादाची वाटच बघत होतो. तुम्ही सांगितलेल्या हृदयविकाराच्या चाचणीचा (तिचं नाव सीआयआरटी) मुद्दा बिनतोड आहे. मेथोट्रेक्सेट म्हणजे सरसकट 'दाह कमी करणारं औषध' नव्हे, हे त्यातून स्वच्छ दिसलं. माझं वाचन असं, की ॲडेनोसिनची साखळी चालायला आधी पेशीबाहेर एटीपी आणि एएमपी सांडलेलं हवं, त्यांचं ॲडेनोसिन करणारी सीडी३९ आणि सीडी७३ ही एन्झाइम पेशींवर हवीत, आणि औषध आत घेऊन त्याला शेपटी लावणाऱ्या पेशी जोमात हव्यात. सुजलेल्या सांध्यात हे सगळं एकत्र जमतं. तिथल्या सक्रिय मॅक्रोफेजवर तर फोलेटचा बीटा ग्राही भरपूर असतो, म्हणजे औषधाला आणखी एक दार. हृदयाच्या स्थिर रुग्णांत सीआरपी मुळातच फार चढलेलं नव्हतं. हा खुलासा आहे, पुरावा नव्हे, हे मान्य.

ॲडेनोसिन एकटंच सगळं करतं असं मलाही वाटत नाही. आणखी निदान तीन वाटा गंभीरपणे घ्याव्या लागतात.

पहिली वाट बायोप्टेरिनची. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज फोलेटखेरीज टेट्राहायड्रोबायोप्टेरिन ताजं ठेवण्याचंही काम करतं. ते घटलं की टी पेशींमध्ये (या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) जेएनके नावाचा संकेत वाढतो आणि त्या पेशी मरायला अधिक राजी होतात. लगेच मरत नाहीत, पण उत्तेजित झाल्या की लवकर जातात. कमी डोसमध्येही हे दिसतं, हे महत्त्वाचं.

दुसरी जेएके-स्टॅटची, म्हणजे दाहाचे निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या मार्गाची. २०१५ मध्ये शेफील्डच्या गटाने फळमाशीच्या पेशींवर औषधांची मोठी चाळणी लावली, तेव्हा हा संकेतमार्ग दाबणाऱ्यांत मेथोट्रेक्सेट वर आलं, आणि मग मानवी पेशींतही तेच दिसलं. आजची महागडी जेएके-रोधक औषधं ज्या मार्गावर काम करतात, तोच हा मार्ग!

तिसरी जरा आडवाटेची. रिडक्टेज अडलं की पेशीचं स्वतःचं डायहायड्रोफोलेट साचतं, त्यालाही ग्लुटामेटची शेपटी असतेच, आणि ते शेपटीवालं डायहायड्रोफोलेटसुद्धा एटीआयसी आणि थायमिडिलेट सिंथेज (डीएनएचा कच्चा माल बनवणारं आणखी एक एन्झाइम) या दोघांना अडवतं. म्हणजे औषध नुसतं स्वतः अडथळा होत नाही, पेशीच्याच मालाचा अडथळा करून ठेवतं. मला या सगळ्यात हीच सर्वांत सुंदर वाटते. 'रिडक्टेज की एटीआयसी' हा वाद तिच्यामुळे अर्धा निरर्थक होतो.

---

प्रश्नोपनिषद

तिसरी माहीत नव्हती, ती पटली. पण मग 'पेशी मारून काम होत नाही' हे तरी कशावरून? टी पेशी मरतात असं तुम्हीच वर म्हणालात.

---

रेणूवेडा

काही मरतात, पण कायमचा सफाया होत नाही. सर्वांत मोठा पुरावा रुग्णांचाच आहे: औषध थांबवलं की काही आठवड्यांत सूज परतते. १९८५ च्या चाचणीत औषध आणि नकली गोळी यांची अदलाबदल केली, तेव्हाच हे दिसलं होतं. गुन्हेगार पेशींचं कुळ नष्ट झालं असतं तर इतक्या लवकर आजार कुठून आला? पॉलीग्लुटामेट ओसरायला लागतो तेवढाच साधारण हा काळ आहे, हे जुळतं.

---

चहाबाज

थांबा थांबा. कॅफीन ॲडेनोसिनच्या ग्राहींनाच अडवतं ना? मग चहा-कॉफी पिणाऱ्यांचं काय?

---

औषधशाळा

@चहाबाज, प्रश्न अगदी रास्त आहे. उंदरांच्या जातकुळीतल्या प्राण्यांत कॅफीन आणि थिओफिलिनने मेथोट्रेक्सेटचा परिणाम उलटवल्याचं दाखवलं गेलं आहे. माणसांत एका छोट्या अभ्यासात जास्त कॅफीन घेणाऱ्यांना गुण कमी आला, दुसऱ्यात काहीच फरक सापडला नाही. नेहमीचे दोन कप बंद करा, असं सांगण्याइतका आधार नाही.

मी औषधांच्या दुकानाच्या या बाजूला उभा असतो, म्हणून एक वेगळी गोष्ट जोर देऊन सांगतो. कॅफीनपेक्षा हजारपट महत्त्वाची. आठवड्यातून एकदा म्हणजे आठवड्यातून एकदा. चुकून रोज घेतल्याने मृत्यू झाले आहेत, जगभर. लोकांना वाटतं, २.५ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी, रोज घेतली तर काय होणार? वर धागाकर्त्यांनी सांगितलेल्या हिशोबातच उत्तर आहे. अस्थिमज्जा आणि तोंडा-आतड्याचं अस्तर यांना दोन डोसांच्या मधली उसंत लागते, त्या काळात त्यांचं फोलेट-चक्र सावरतं. रोज डोस पडला की उसंतच नाही. एकूण मिलिग्रॅम किती गेले यापेक्षा पेशी सलग किती काळ औषधात राहिल्या, हे जास्त घातक ठरतं. आधी तोंडात फोड, मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या. 'साप्ताहिक' असं मोघम नको, 'रविवार' असा ठळक वार.

दुसरं, कोट्रायमोक्साझोल. लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिलं जातं. त्यातलं ट्रायमेथोप्रिमही फोलेटविरोधीच आहे. जिवाणूंच्या रिडक्टेजवर त्याचा मारा असला तरी माणसाच्या चक्रालाही थोडा धक्का बसतो, आणि मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट बाहेर पडणंही मंदावतं. दोन्ही एकत्र आल्यावर रक्तपेशी धोकादायक पातळीला उतरल्याच्या नोंदी आहेत. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा.

---

सांधेदुखरा

+१ वाराच्या मुद्द्याला. माझ्या डबीवर मार्करने लिहिलेलं आहे.

---

निळाई

गरोदर राहण्याच्या बराच काळ आधी हे औषध थांबवायला सांगतात, तेही या पॉलीग्लुटामेटमुळेच का? रक्तातून दोन दिवसांत जात असेल तर इतकी वाट कशाला, असा विचार मनात आला होता.

---

रेणूवेडा

@निळाई, हो, मुख्य कारण तेच. रक्त साफ झालं तरी पेशी साफ झालेल्या नसतात. गर्भाची आणि वारेची वाढ फोलेटवर फार अवलंबून असते. गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ थांबवायला हेच औषध वापरतात, यावरून ताकद लक्षात येईल. मार्गदर्शक सूचनांमध्ये एक ते तीन महिने आधी थांबवायला सांगतात. त्या काळात आजार कशावर सांभाळायचा याची योजना आधी डॉक्टरांशी करावी लागते, आणि फॉलिक ॲसिड चालूच ठेवायचं असतं. स्वतःहून सोडू नका, स्वतःहून चालूही ठेवू नका.

---

प्रश्नोपनिषद

शीर्षकात 'पेशीत' आहे, पण यकृत आणि आतड्यातले जंतूही याचं काहीतरी करतातच ना? त्यातून बनणाऱ्या पदार्थांबद्दल (चयापचयजांबद्दल) काही?

---

रेणूवेडा

थोडक्यात. यकृतातलं अल्डिहाइड ऑक्सिडेज त्याचं ७-हायड्रॉक्सीमेथोट्रेक्सेट करतं. ते रिडक्टेजला मूळ औषधापेक्षा बरंच कमी अडवतं, पाण्यात कमी विरघळतं आणि कर्करोगातल्या मोठ्या डोसमध्ये मूत्रपिंडात स्फटिक होण्याला हातभार लावतं. आठवड्याच्या छोट्या डोसमध्ये तो प्रश्न नाही, पण त्यालाही शेपटी लागते, म्हणजे त्याच सिंथेटेजसाठी मूळ औषधाशी स्पर्धा. दुसरं, आतड्यातले जंतू ग्लुटामेटच छाटून टाकतात. उरतं त्याला डॅम्पा म्हणतात. त्याला शेपटी लावायला जागाच नाही, म्हणजे आमवाताच्या दृष्टीने निकामी. जंतूंची ही हातोटी माणसाने उपयोगातही आणली: ग्लुकार्पिडेज नावाचं जिवाणूजन्य एन्झाइम २०१२ पासून अमेरिकेत मान्य आहे. मूत्रपिंड थकल्यामुळे मेथोट्रेक्सेट रक्तात अडकून पडलं, की ते झपाट्याने कापून टाकायला ते देतात.

एक कमी बोललं जाणारं अंग: ॲडेनोसिन सगळीकडे सज्जन नसतं. काही रुग्णांत सांध्यांची सूज उतरते, पण बोटांवर गाठी वाढतात. त्यामागे ॲडेनोसिनचाच हात असावा असं मानतात. यकृतात तंतू वाढण्यातही ए२ए ग्राहीचा भाग प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसला आहे. एलएफटीसाठी (यकृताच्या तपासणीसाठी) नियमित रक्त द्यायचा कंटाळा करू नका.

---

कुतूहल

शेवटची शंका. औषध खरं ते पेशीतलं असेल, तर पेशीतले पॉलीग्लुटामेट मोजूनच डोस का ठरवत नाहीत? अंदाजपंचे तीन महिने थांबायची गरजच पडणार नाही.

---

रेणूवेडा

मोजता येतात, मोजलेही जातात, पण लाल रक्तपेशींत. त्या सहज मिळतात म्हणून. अडचण अशी, की प्रौढ लाल पेशी स्वतः शेपटी लावत नाही. तिच्यातले पॉलीग्लुटामेट अस्थिमज्जेत ती घडत असतानाचे, म्हणजे तिच्या १२० दिवसांच्या आयुष्याचा जुना हिशोब. सांध्यातल्या मॅक्रोफेजमध्ये किंवा टी पेशीत किती आहे, ते त्यावरून नीट कळत नाही. म्हणून काही अभ्यासांत पातळी जास्त तर गुण जास्त असं दिसलं, काहींत नाही. वाहकाच्या, एटीआयसीच्या, एमटीएचएफआर या फोलेट-चक्रातल्या एन्झाइमच्या जनुकांतल्या फरकांचंही तसंच. एका गटात जमतं, दुसऱ्यात विरतं. रुग्ण औषध घेतोय की नाही हे तपासायला मात्र ही चाचणी चांगली आहे, अजिबात सापडलं नाही तर गोळ्या डबीतच आहेत. गुण आला का हे बघायला अजून तरी डॉक्टर बोटांनी सांधे दाबून सुजलेले आणि दुखरे किती ते मोजतात, सोबत रक्तातला ईएसआर नाहीतर सीआरपी (दोन्ही दाहाच्या खुणा) बघतात आणि त्यावर डोस ठरवतात.